मुलांचा विंचूदंश : वेदनेहून मोठी खूण

सोलापूरच्या नव्या पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्यांत उन्हाळ्याच्या रात्रीं तान्हें मूल एकाएकीं किंचाळून उठलें, तर वडील माणसें पोटशूळ समजून ओवा-हिंग शोधूं लागतात. मुलाला बोलतां येत नाहीं. त्याचें अंग काय सांगतें तेंच पाहावें लागतें. अंथरूण झटकल्यावर तांबूस विंचू निघाला, तर खरी परीक्षा तेथून पुढें असते.

जितकी वेदना अधिक तितकें विष अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. लाल विंचवाच्या बाबतींत तो घातक ठरतो. नुसती असह्य वेदना असून दुसरें लक्षण नसेल, तर दंश बहुधा सौम्य असतो. उलट वेदना थोडी, पण उलट्या होतात, अंग घामानें निथळतें, हातपाय गार पडतात, असें मूल संकटांत आहे असें जाणावें. मुलग्यांत जननेंद्रियाची ताठरता हीहि एक खूण होय.

हें विष मज्जातंतूंना अनावर चेतवितें. शरीरांत अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येऊन रक्तवाहिन्या आवळतात, आणि अरुंद नळांतून पाणी रेटणाऱ्या पंपाप्रमाणें हृदय शिणतें. मग फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो. लहानग्याचें वजन अल्प, म्हणून त्याला धोका अधिक.

कोकणांत महाडच्या परिसरांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांच्या उशाशीं बसून हीं लक्षणें टिपलीं. १९८२ सालीं तीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालीं. पुढें त्यांनीं रक्तदाबावरील प्राझोसीन हें औषध योजिलें. तें रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचें ओझें उतरवितें. पूर्वीं फुप्फुसांत पाणी झालेल्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० रुग्ण दगावत. या औषधानंतर तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. प्राझोसीनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेंहि त्यांनीं २०११ सालीं दाखविलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

घरीं मात्र औषध देऊं नये. रक्तदाब एकदम उतरण्याचें भय असतें, म्हणून तें वैद्यकीय देखरेखीखालींच द्यावें. दंशावर चीर देऊं नये, दोरी आवळूं नये, उताऱ्याची वाट पाहूं नये. उलटी होत असल्यास मुलाला कुशीवर निजवावें आणि तडक रुग्णालय गांठावें. नव्या पेठेपासून सरकारी रुग्णालय दूर नाहीं. मुलें दगावतात तीं बहुधा अंतरामुळें नव्हे, उजाडण्याची वाट पाहण्यांत गेलेल्या वेळामुळें.