पाण्याच्या थेंबाचा फोटो कसा काढावा?



नळातून थेंब पडतो तो आपण रोज बघतो. पण नीट कोणीच बघत नाही, कारण बघायच्या आत तो फुटून जातो. एक हात उंचीवरून, म्हणजे ४५ सेंटीमीटरवरून, थेंब सोडला तर खाली पोचायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा लागत नाही. म्हणून त्याचा फोटो काढायचा. त्याला मोठा कॅमेरा लागतो असे पुष्कळांना वाटते. तो लागत नाही. घरचा साधा मोबाईल, एक वाटी पाणी आणि सकाळचं ऊन एवढं पुरतं.

आमच्या घरात मोबाईल एकच आहे आणि तो बाबांचा आहे. बाबा नऊ वाजता कामावर जातात, त्यांच्याबरोबर फोनही जातो. अंगणात ऊन येतं आठ वाजता. म्हणजे मला एकच तास मिळतो, त्यातही मधे बाबांना फोन येतात. आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून आईची अट अशी की वाटीभरापेक्षा जास्त पाणी घ्यायचं नाही आणि सांडायचं तर मुळीच नाही. त्यामुळे मी जी रीत सांगते आहे ती कमी वेळाची आणि कमी पाण्याची आहे.

प्रथम थेंब पाडायची सोय करावी. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला सुईने एक बारीक भोक पाडावे, बाटलीत वाटीभर पाणी ओतावे आणि ती खिडकीच्या गजाला बांधावी. गंमत अशी की झाकण घट्ट लावलं तर पाणी येतच नाही. झाकण थोडं सैल केलं की वरून हवा आत शिरते आणि थेंब पडू लागतात. झाकण फिरवून थेंब हळू किंवा भरभर करता येतात. खाली ताट ठेवावे. ताटातलं पाणी परत बाटलीत ओतायचं, म्हणजे तेच पाणी तासभर चालतं.

आता उजेड. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. फोटो काढताना फोनचा डोळा थोडाच वेळ उघडतो. घरात उजेड कमी असतो, म्हणून तो जास्त वेळ उघडा राहतो, समजा सेकंदाचा पन्नासावा भाग. आमच्या गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवलं. एक हात उंचीवरून पडलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो ६ सेंटीमीटर पुढे जातो. म्हणून फोटोत थेंब न येता ६ सेंटीमीटरची पांढरी रेघ येते. उन्हात तोच डोळा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच उघडतो. तेवढ्यात थेंब फक्त ३ मिलिमीटर सरकतो, आणि मग तो थेंबासारखा दिसतो. म्हणून ऊन पाहिजेच. ढगाळ दिवशी हा नाद सोडून द्यावा.

ऊन बाजूने आलेलं चांगलं. सूर्याकडे फोन धरू नये. थेंबाच्या मागे हातभर अंतरावर वहीचं निळं कव्हर उभं करावं, नाहीतर मागची भिंत आणि वाळत घातलेले कपडेच जास्त दिसतात.

फोन हातात धरू नये, हात हलतो. मी दोन विटांच्या मधे उभा करून ठेवते आणि पुढे पाटी टेकवते, म्हणजे शिंतोडे फोनवर येत नाहीत. (पाटीच्या वरून फोनचा डोळा तेवढा बाहेर राहिला पाहिजे.) आता फोनला कळत नाही की कुठे बघायचं. थेंब तर अजून पडलेला नसतो. त्यासाठी जिथे थेंब पडतो तिथे पेन्सिल उभी धरायची, पडद्यावर पेन्सिलीच्या टोकावर बोट दाबून ठेवायचं, मग पेन्सिल काढून घ्यायची. आता फोन त्याच जागी बघत राहतो. आमचा फोन चार बोटांपेक्षा जवळ नेला की सगळं पुसट दिसतं. शाळेच्या विज्ञान पेटीतलं भिंग पुढे धरलं तर जवळचं स्पष्ट आणि मोठं दिसतं.

एवढं झालं की बटण दाबत राहायचं. चाळीस फोटोंत तीन बरे निघतात. बाकीचे लगेच पुसून टाकावेत, नाहीतर फोन भरतो आणि बाबा रागावतात.

थेंब कशात पडतो त्यावर चित्र बदलतं. खोल पेल्यात पडला तर आधी पाण्यात खळगा होतो, मग त्या खळग्यातून पाण्याचा बारीक खांब वर येतो आणि त्याच्या टोकाला छोटा थेंब बसलेला असतो. ताटात अगदी पातळ पाणी असलं तर चारी बाजूंनी मुकुट उठतो. मुकुट नितळ पाण्यात नीट दिसत नाही. दुधात छान दिसतो, पण दूध कोण देणार! मी तांदळाचं धुवण वापरते. ते पांढुरकं असतं, फुकट असतं, आणि फोटो झाल्यावर म्हैस पिते.

दुधाच्या मुकुटाचा फार प्रसिद्ध फोटो अमेरिकेत हॅरॉल्ड एजरटन नावाच्या प्राध्यापकांनी १९५७ साली काढला. ते विजेचे इंजिनियर होते. त्यांनी फार थोडा वेळ लखकन पेटणारा दिवा वापरला. म्हणजे डोळा कितीही वेळ उघडा असला तरी उजेड क्षणभरच पडतो. त्यांच्याही आधी इंग्लंडमध्ये आर्थर वर्दिंग्टन यांनी अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीच्या उजेडात थेंब फुटताना बघितला आणि हाताने त्याची चित्रं काढली. पुढे त्यांनी फोटोही काढले. त्यांचं पुस्तक १९०८ साली निघालं. मला चित्रांची गोष्ट जास्त आवडली, कारण आमच्या वर्गात ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांनाही ते करता येईल.

फोन नसेल तर बाटलीच्या भोकाला लोंबकळणारा थेंब बघा. तो पडत नाही तोवर भरपूर वेळ मिळतो. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, तो थेंबाला धरून ठेवतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. अळूच्या पानावरचा थेंब गोल राहतो त्याला पृष्ठताण कारण आहेच, शिवाय ते पान पाण्याला चिकटू देत नाही. लोंबकळणारा थेंब भिंगासारखं काम करतो. त्यातून मागचं सगळं दिसतं, पण उलटं. झाड खाली डोकं वर पाय, आभाळ खाली.

या लेखाखाली चिकटवलेला फोटो तसल्याच थेंबाचा आहे. बाबांनी तो तालुक्याहून छापून आणला. थेंबाच्या पोटात जे उलटं दिसतं ते आमचं घर आहे, आणि दारात हात वर करून उभी आहे ती आजी. फोटो बरोबर चिकटवलेला आहे, कृपया कोणी काढून सरळ करू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी