पदभार आणि परिचय : समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या स्थलांतराविषयी

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची तपासणी, प्राथमिक उपचार आणि पाठपुरावा करणारा प्रशिक्षित सहाय्यकांचा वर्ग आधुनिक आरोग्यव्यवस्थेत गेल्या साठ वर्षांत उभा राहिला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ‘फिजिशियन असिस्टंट’ घडवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला; भारतात तो १९९२ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने मद्रास मेडिकल मिशनमध्ये आला आणि प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांपुरता राहिला. महाराष्ट्राच्या खेड्यांत या कामाला सर्वांत जवळचे पद म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी होय. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना जाहीर झाली, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि त्या केंद्रांवर हे पद निर्माण झाले. २०२३ पासून या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हटले जाते.

आयुर्वेदाचे किंवा नर्सिंगचे पदवीधर सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन या पदावर येतात. नियुक्ती राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, कंत्राटी असते. मोबदल्याचे दोन भाग आहेत : एक दरमहा ठरलेला, आणि दुसरा कामाच्या निर्देशांकांनुसार मिळणारा. पद कंत्राटी असल्यामुळे आणि नेमणूक अनेकदा घरापासून दूर मिळत असल्यामुळे, लग्न, मुलांची शाळा किंवा आईवडिलांचे आजारपण अशा कारणांनी जागा बदलण्याची वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येते. अमरावती जिल्ह्यात या बदलाची एक ठळक वाट मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडून परतवाड्यामार्गे खाली चांदूर बाजारसारख्या सपाटीवरच्या तालुक्याकडे येते.

कागदोपत्री हे स्थलांतर सुटसुटीत दिसते. जुन्या जागेवरून कार्यमुक्तीचा आदेश निघतो, नव्या जागी रुजू अहवाल द्यावा लागतो, आणि या दोहोंच्या मध्ये पदभाराची देवाणघेवाण होते. औषधसाठ्याची नोंदवही प्रत्यक्ष गोळ्यांशी ताडून पाहिली जाते, मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढली जातात, रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, वजनकाटा आणि टॅब्लेट मोजून दिले जातात. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे आणि सदस्य-सचिवपद समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असल्यामुळे बँकेतील सहीचा नमुना बदलावा लागतो. असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवरील आणि ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरील खातीही नव्या केंद्राशी जोडून घ्यावी लागतात. जोडणी होईपर्यंत केलेले काम नोंदीत नीट उतरत नाही आणि त्याची झळ मोबदल्याच्या दुसऱ्या भागाला पोहोचू शकते.

या सगळ्या यादीत जी गोष्ट मोजली जात नाही, तीच या कामाचा गाभा आहे. सपाटीवरचे उपकेंद्र सुमारे ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागातले सुमारे ३,००० लोकसंख्येसाठी असते. एवढ्या वस्तीत तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशा स्वयंसेविका ‘सी-बॅक’ नावाच्या अर्जात भरते, चारपेक्षा अधिक गुण आलेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह निश्चित झाल्यावर डॉक्टरांनी ठरवलेली गोळी दरमहा केंद्रातून दिली जाते. नोंदवहीत रुग्णाचे नाव असते आणि रक्तदाबाचा आकडा असतो. मात्र ‘बीपीची गोयी’ बरे वाटले की कोण बंद करतो, सासूसमोर कोणती सून बोलत नाही, संत्र्याच्या बागेत फवारणी करून आल्यावर मळमळ झाली तरी कोण अंगावर काढतो, हे नोंदवहीत नसते. ही जाण वर्षानुवर्षांच्या घरभेटींतून साठते आणि अधिकाऱ्याबरोबर निघून जाते.

दोन्ही प्रदेशांतले आजार वेगळे, त्यामुळे येणाऱ्यालाही पुष्कळ नव्याने शिकावे लागते. मेळघाटात कमी वजनाची बाळे, सिकलसेल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि आजारपणात आधी भूमकाकडे जाण्याची रीत यांच्याशी रोजचा संबंध असतो. भूमका म्हणजे कोरकू समाजातील पारंपरिक उपचार करणारी व्यक्ती. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की त्यावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचा प्रकार थांबवायचा तर भूमकाशी वैर घेऊन भागत नाही, त्याच्याशी बोलणे सुरू ठेवावे लागते. चांदूर बाजार तालुक्यात, शिरजगाव कसबा, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, आसेगाव या पट्ट्यात, संत्रा, कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या हंगामावर गावाचा दिवस चालतो. येथे दीर्घकाळ चालणारे आजार, कीटकनाशकांची बाधा आणि सर्पदंश यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि बाह्यरुग्ण तपासणीची वेळ शेतीच्या कामाशी जुळवली नाही तर केंद्र रिकामे राहते.

तरीही मेळघाटातला अनुभव खाली आल्यावर वाया जात नाही. सोयाबीन आणि हरभरा काढणीच्या दिवसांत कोरकू कुटुंबे मजुरीसाठी याच सपाटीवर उतरतात आणि शेतावरच राहतात. त्यांतील गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिलेले असते, बाळाची लस चुकते, आणि येथील नोंदवहीत त्यांचे नाव नसल्याने ती कोणाच्याच उद्दिष्टात बसत नाहीत. ज्याला कोरकू भाषा थोडीफार येते आणि त्या गावांतल्या आशांचे फोन नंबर ज्याच्याजवळ आहेत, असा अधिकारी या माणसांना दोन केंद्रांच्या मध्ये हरवू देत नाही. म्हणूनच अशा अधिकाऱ्याच्या पूर्वीच्या नेमणुकीची दखल नवीन जागा ठरवताना घेतली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर पदभाराची व्याख्या रुंदावणे गरजेचे आहे. साठा आणि किल्ल्या यांच्याबरोबर उपचार अर्धवट राहण्याचा धोका असलेल्या रुग्णांची, जोखमीच्या गरोदर मातांची आणि हंगामी स्थलांतरितांची यादी हस्तांतरित व्हावी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या अधिकाऱ्याने आशांसह काही दिवस एकत्र घरभेटी कराव्यात आणि ते दिवस दोघांच्याही मोबदल्यात धरले जावेत. याला नवी इमारत किंवा यंत्रे लागत नाहीत, लागतो तो थोडा वेळ आणि स्पष्ट आदेश. नोकरी बदलण्याचा हक्क कंत्राटी कर्मचाऱ्याला आहेच, आणि तो निःसंकोच बजावता यावा. त्याच्या जाण्याने एखाद्या वृद्धेची रक्तदाबाची गोळी बंद पडू नये, याची जबाबदारी मात्र त्या एकट्याची नसून व्यवस्थेची आहे.