संकेतस्थळाचा आराखडा आधी कागदावर

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात, ते बांधकामातली दमछाक अनुभवूनच. तरीही नकाशावाचून पाया खणायला कोणी घेत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र हे तारतम्य सहसा राहत नाही. संस्थेच्या कार्यकारिणीत ‘आपलेही संकेतस्थळ हवे’ असा ठराव होतो, कोणाच्या तरी ओळखीतला तंत्रज्ञ गाठला जातो आणि पहिल्याच बैठकीत चर्चा रंगते ती रंगसंगतीची व छायाचित्रांची. संकेतस्थळ नेमके कोणासाठी, हा प्रश्न आठवतो तो ते तयार झाल्यावर.

नियोजनातील उणिवांची किंमत केवढी असू शकते, हे अमेरिकेने २०१३ मध्ये अनुभवले. नागरिकांना आरोग्यविमा घरबसल्या निवडता यावा म्हणून तेथील केंद्र सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. ३६ राज्यांतील नागरिकांसाठी ती सोय होती. पहिल्या दिवशी प्रचंड गर्दी उसळली. पण विम्याची नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. तेथे पैशाची वाण नव्हती, तंत्रज्ञांचीही नव्हती. काम अनेक कंपन्यांत विभागलेले होते, परंतु ते सारे जुळवून आणण्याची जबाबदारी कोणा एकाची, हे स्पष्ट नव्हते. संपूर्ण यंत्रणेची एकत्रित चाचणी झाली ती अखेरच्या दोन आठवड्यांत. खाते न उघडता विमा योजना पाहता याव्यात, अशी मूळ कल्पना होती. ती सोय ऐनवेळी बाजूला ठेवली गेली. परिणामी, नुसती चौकशी करायला आलेल्यांनाही आधी खाते उघडणे भाग पडले आणि नेमकी तेथेच कोंडी झाली. पुढे दोन महिने अहोरात्र दुरुस्ती केल्यावर ते संकेतस्थळ रुळावर आले.

आपल्याकडील एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण चुकांची जात तीच असते. उदाहरणादाखल शहरातले एखादे जुने सार्वजनिक वाचनालय घेऊ. त्याला संकेतस्थळ उभारायचे असेल, तर काही प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरली पाहिजेत.

पहिला प्रश्न हेतूचा. वाचनालयाचा इतिहास सांगायचा आहे, नवे सभासद मिळवायचे आहेत की पुस्तक उपलब्ध आहे का, हे घरूनच कळावे अशी सोय करायची आहे? तिन्ही हेतू योग्यच. पण त्यांचा क्रम ठरला पाहिजे. देवघेव विभागाची वेळ पाहायला आलेल्या सभासदाला संस्थापकांचे चरित्र ओलांडून पुढे जावे लागत असेल, तर क्रम चुकला असे समजावे. तो सभासद बहुधा मोबाइलवरूनच पाहणार, हेही आराखडा करतानाच ध्यानी घ्यावे.

दुसरा प्रश्न मजकुराचा. पानांची यादी करून प्रत्येक पानापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मजकूर कोण लिहील, कधीपर्यंत देईल आणि तो पुढे अद्ययावत कोण ठेवील. ज्या पानापुढे नाव नाही, ते पान तूर्त काढून टाकणेच श्रेयस्कर. गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेचे निमंत्रण अजून झळकवणारे संकेतस्थळ संस्थेची शोभा वाढवीत नाही.

तिसरा प्रश्न लिपीचा, आणि मराठी संस्थांनी तो विशेष गांभीर्याने घ्यावा. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये होती. तो फाँट आपल्या संगणकावर नसला, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. शोधयंत्रांनाही तो मजकूर मराठी म्हणून उमगत नसे. वाचनालयाची ग्रंथसूची अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेली असेल, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर आणि त्यानंतरचे मुद्रितशोधन यांचा वेळ व खर्च आराखड्यात आधीच धरावा लागेल. हजारो नोंदी तपासणे हे दोन दिवसांचे काम नव्हे.

चौथा प्रश्न मालकीचा. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदवले आहे, नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ई-मेलवर येते आणि पासवर्ड कोणाकडे आहेत? ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते. ती तंत्रज्ञाच्या वा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खासगी नावावर असली आणि ती व्यक्ती दूर गेली, तर वर्षांची मेहनत एका मुदतीच्या तारखेला हातची जाऊ शकते. म्हणून नोंदणी संस्थेच्याच नावे असावी आणि तपशील किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक मागवायचे असतील, तर ते कशासाठी, हेही ठरवावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याचा भर संमती आणि हेतू यांवरच आहे. गरज नसलेली माहिती न मागणे, हा सर्वात स्वस्त उपाय.

हे सारे चार-पाच कागदांत मावते. त्याच कागदांवर पेन्सिलीने मुख्य पानाची चौकट आखावी आणि समितीबाहेरच्या दोन-तीन सभासदांना विचारावे, ‘वर्गणी कोठे भरायची, हे यात सापडते का?’ ते अडखळले, तर खोडरबराने भागते. हाच दोष संकेतस्थळ पूर्ण झाल्यावर लक्षात आला, तर पुन्हा तंत्रज्ञ, पुन्हा देयक आणि पुन्हा प्रतीक्षा. शिवाय तंत्रज्ञाला नेमके काय हवे ते लेखी दिलेले असले, की दराची तुलना करता येते आणि ‘हे ठरले नव्हते’ हा वादही टळतो.

वाचनालयाचा खरा ठेवा त्याच्या कपाटांत आहे. तो वाचकापर्यंत नेणारी वाट आखायची, तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधी एक संध्याकाळ कार्यकारिणीने कागद-पेन्सिल घेऊन बसावे.