ताल टिकला, शुभंकर बदलले

अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल सामना टीव्हीवर पाहताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. मध्यंतरात विद्यार्थ्यांचे भलेमोठे बँड पथक मैदानभर संचलन करते आणि कडेला अस्वलाचे किंवा गरुडाचे सोंग घेतलेला एक पोरगा प्रेक्षकांना हसवत असतो. तो त्या कॉलेजाचा शुभंकर! यातली पहिली गोष्ट आपल्याला नवी नाही. दुसरी मात्र आपल्या अंगवळणी कधी पडलीच नाही.

आमच्या पिढीने शाळेत बँड वाजवला. मोठा ढोल, साइड ड्रम, बिगूल आणि २६ जानेवारीचे पांढरे बूट. कॉलेजात १९४८ साली सुरू झालेली एन.सी.सी. होती, ‘तेज चल’ म्हटले की पाय आपोआप उचलत. पण खरी आपली म्हणावी अशी चीज लेझीम. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सांगलीकडच्या लेझीम पथकाने ती साऱ्या देशाला दाखवली.

त्याच एशियाडने आपल्याला अप्पू दिला. हा छोटा हत्ती मुलांच्या इतका मनात बसला की आपल्या निगडीतही ‘अप्पू घर’ झाले. पुढे पुण्याच्या २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी ‘जिगर’ वाघ आला, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ‘शेरा’ वाघ आणि गोव्याच्या २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ‘मोगा’ नावाचा गवा. घरातल्या मुलांना विचारून पाहा, यातले किती आठवतात? स्पर्धा संपते, समिती विसर्जित होते आणि शुभंकर पेटाऱ्यात जातो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथल्या संघांचे चिन्ह होते ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी. त्याच समाजातल्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतली आणि १९७२ मध्ये ते चिन्ह गेले. १९७५ मध्ये बँडच्या मुलांनी गमतीने एक झाड नाचवायला आणले. विद्यापीठाने त्याला अधिकृत मान दिला नाही, तरी झाड आजही नाचते. कारण ते मुलांचे आहे.

आपल्याकडे हेच ढोल-ताशाचे झाले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे या शाळांच्या पथकांनी ढोल शिस्तीत बसवला. आज मुलुंड-बोरिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रांत कॉलेजच्या मुली कमरेला ढोल बांधून चालतात. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात २०१६ साली मुंबई सिटी एफसी आली, तेव्हा तिच्या पाठीराख्या पोरांनीही गॅलरीत ढोल आणले. त्यांना ते कुणी सांगितले नव्हते.

काळजी वाटते ती शाळांची. क्रीडादिनाला संचलन होते, पण संगीत स्पीकरवरून येते. पी.टी.चा तास गणिताला जातो, मैदानात गाड्या उभ्या राहतात. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो, हेही खरेच. वेळ ठरवून त्यावर तोडगा निघू शकतो. स्पीकर ताल चुकत नाही, पण शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवायलाही तो शिकवत नाही. ते ज्याच्या हातात टिपरू असते त्यालाच येते. कपाटावर धूळ खात पडलेला शाळेचा ढोल खाली काढायला फारसा खर्च येत नाही. एक तास आणि शिकवणारा एक माणूस, एवढे दिले तरी पुरे.