परसातील भटक्या मांजरांचा बंदोबस्त

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गापासून रत्नागिरीचा रस्ता फुटतो. मिरकरवाडा बंदरावरील मासळी याच रस्त्याने वर येते आणि आसपासच्या वाड्यांतील चुलींपर्यंत पोहोचते. मासळी साफ केल्यावर तिची डोकी, कल्ले व आतडी परसात माडाच्या बुंध्याशी टाकण्याची रीत जुनी आहे. माडाला खत मिळते हे खरे. परंतु त्याच वासावर भटकी मांजरे येतात, आणि खुडुक कोंबडीने एकवीस दिवस बसून काढलेली पिले एकेक करून नाहीशी होतात. घरच्या गृहिणीचा मीठमिरचीचा खर्च ज्यावर भागावयाचा, तो आधारच त्यामुळे तुटतो.

दगड मारून हाकललेले मांजर रात्री परत येते. गोणत्यात घालून ते दूर सोडून आल्यास रिकाम्या जागी दुसरे येते. म्हणून प्रथम मासळीची घाण उघड्यावर टाकणे बंद करावे. माडाच्या आळ्यात किंवा खतखड्यात हातभर खोल पुरून वर माती व जड दगड ठेवल्यास खतही मिळते आणि वासही राहत नाही.

पिलांचे रक्षण हा खरा प्रश्न आहे. जांभ्याच्या गडग्याचा येथे भरवसा धरू नये. मोठे मांजर पुरुषभर उंचीचा गडगा सहज चढून येते. पिले दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसा डालग्याखाली ठेवावीत आणि डालग्यावर चिरा ठेवावा. रात्रीच्या खुराड्यास अर्ध्या इंचाची जाळी चारी बाजूंनी व वरूनही बसवावी. दाराला नुसती दोरी न बांधता कडी घालावी.

गोठ्याच्या माळ्यावरील पेंढा ही मांजरीची विण्याची आवडती जागा होय. तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असल्याने एका मांजरीची वर्षात अनेक होतात. माळ्याच्या फटी बुजवाव्यात. जनावरांच्या वैरणीत मांजराची विष्ठा मिसळणे विशेष घातक असते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, १९०८ साली उजेडात आलेला सूक्ष्म जीव त्या विष्ठेतून पसरतो आणि त्यामुळे शेळ्या गाभडतात. गर्भवती स्त्रियांनाही त्यापासून धोका असतो. त्यांनी विष्ठा काढण्याचे काम करू नये, वाफ्यातील काम हातमोजे घालून करावे आणि भाजी धुऊन घ्यावी.

भाजीच्या ताज्या वाफ्यात मांजरे माती उकरतात. बी पेरल्यावर करवंदीच्या काट्या आडव्या अंथराव्यात. रोपे वर आली की ओळींमध्ये नारळाची सोडणे पसरावीत, ओलही टिकते.

विष घालण्याचा विचार मात्र कोणी मनात आणू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने तो अपराध ठरतो, आणि त्या विषाने घरचा कुत्रा किंवा कोंबडीही दगावते. शिवाय भाताच्या कणगीजवळील उंदीर मांजरच आटोक्यात ठेवते. पाळलेल्या मांजराची नसबंदी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. भटक्या मांजरांसाठी ग्रामपंचायतीमार्फत पशुसंवर्धन खात्याशी बोलावे.

मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद किंवा चुना भरू नये. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होतो. म्हणून त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.