गरोदरपणातील अंडाशयाची गाठ

सोनोग्राफीच्या कागदावर ‘अंडाशयात गाठ’ एवढे शब्द आले की घरात रडारड सुरू होते. सुनेला कर्करोग झाला, असेच सारे धरून चालतात. तसे बहुधा नसते.

आपले सोयाबीन उगवते तेव्हा दोन जाड दळे कोवळ्या रोपाला पोसतात. मुळे-पाने कामाला लागली की ती पिवळी होऊन गळतात. गर्भाचेही तसेच. स्त्रीबीज सुटते त्या जागी अंडाशयात पीतपिंड तयार होतो. वार काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले ८ ते १० आठवडे, त्याच्या स्रावावरच गर्भ टिकतो. कधी त्यात पाणी साठून गाठ दिसते. ती बहुतेक वेळा चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप विरते. घाईने काढली, तर गर्भ पडण्याचा धोका.

पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याची, ५ सेंटिमीटरहून लहान गाठ सहसा निरुपद्रवी असते. गाठ भरीव असली किंवा वाढत गेली, तर डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करतात. शस्त्रक्रिया लागलीच, तर चौथा-पाचवा महिना त्यातल्या त्यात सुरक्षित. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तो दिवस चुकवू नये.

मात्र ओटीपोटात एका बाजूस एकाएकी असह्य कळ आली, उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडला असू शकतो. तेव्हा शेक-काढा करीत बसू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. रात्र असली तरी भोपाळचे हमीदिया किंवा एम्स रुग्णालय गाठावे.