पर्णवृद्धी
पर्णवृद्धी म्हणजे खोडाच्या अग्रावरील सूक्ष्म उंचवट्यापासून पूर्ण आकाराचे पान तयार होण्याची प्रक्रिया होय. तिचे नियंत्रण प्रामुख्याने प्रकाश आणि वनस्पती संप्रेरके यांच्या परस्परसंबंधातून होते. प्रकाश वनस्पतीला अन्ननिर्मितीसाठी ऊर्जा देतो, त्याचप्रमाणे तो परिसराची माहितीही पुरवतो. पानांच्या वाढीच्या संदर्भात हे दुसरे कार्य बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. या लेखातील उदाहरणे मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांतील पिके आणि वृक्ष यांची आहेत.

प्रकाशाची ओळख

पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, मात्र सुमारे ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा दूर-लाल प्रकाश बहुतांशी पार जाऊ देते किंवा परावर्तित करते. त्यामुळे दाट पर्णसंभाराखाली दूर-लाल प्रकाशाचे प्रमाण तुलनेने वाढते. फायटोक्रोम हे प्रथिन हा बदल ओळखते. लाल प्रकाशात (सुमारे ६६० नॅनोमीटर) ते सक्रिय होते, तर दूर-लाल प्रकाशात निष्क्रिय होते. निळ्या प्रकाशासाठी क्रिप्टोक्रोम व फोटोट्रोपिन हे वेगळे ग्राहक असतात.

फायटोक्रोम निष्क्रिय झाल्यावर पानात ऑक्सिनची निर्मिती वाढते व ते देठ आणि खोडाकडे वाहून नेले जाते. देठ व कांडी लांबतात. कोवळ्या पानात मात्र वाढलेल्या ऑक्सिनमुळे सायटोकायनिनचा ऱ्हास होतो, पेशीविभाजन मंदावते आणि पाते लहान राहते. शेजाऱ्याच्या सावलीतून वर निसटण्यासाठी वनस्पती पानांचा खर्च खोडाकडे वळवते, असे याचे वर्णन करता येईल. सावली सहन करणाऱ्या वनस्पतींत हा प्रतिसाद क्षीण असतो. त्यांची छायेतील पाने पातळ व रुंद होतात. विशेष म्हणजे उमलणाऱ्या पानाची जाडी काही प्रमाणात आधीच्या प्रौढ पानांना मिळालेल्या प्रकाशावरून ठरते.

चिकूच्या बागा

डहाणू-घोलवड परिसर चिकूसाठी प्रसिद्ध असून घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू हा मूळचा मध्य अमेरिकेतील सदाहरित वृक्ष आहे. त्याची पाने फांद्यांच्या टोकांशी झुपक्याने येतात आणि फुलेही तेथील पानांच्या बगलेतच लागतात. म्हणून जुन्या बागेत शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या की आतील व खालील भागात प्रकाश पोचत नाही, तेथील फांद्या विरळ होऊन वाळतात आणि फळधारणा शेंड्याकडे सरकते. उंच शेंड्यावरील फळ काढणे कष्टाचे व धोक्याचे असते. मध्यभाग मोकळा करणाऱ्या छाटणीचा हेतू त्यामुळे झाडाला आकार देण्यापुरता मर्यादित नसून, प्रकाशाचा संकेत पुन्हा आतल्या कळ्यांपर्यंत पोचवणे हा असतो.

भाताची रोपे आणि राब

भाताचे पान पात्याच्या तळाशी असलेल्या विभाजी ऊतीतून वाढते. या क्षेत्राची लांबी वाढवण्यात जिबरेलिनचा मोठा वाटा असतो. या संप्रेरकाचा शोधच भातावरील एका बुरशीजन्य रोगातून लागला: रोगट रोपे अवाजवी उंच व फिकट होतात. १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी बुरशीच्या स्रावामुळे हे घडते असे दाखवले. पुढे हरितक्रांतीतील बुटक्या भातजातींत नेमकी जिबरेलिनची निर्मिती कमी असल्याचे आढळले. रोपवाटिकेत बी फार दाट पडल्यास रोपे लांबट व कमकुवत होतात, त्यामागे वर वर्णन केलेला सावलीचा प्रतिसादही असतो.

रोपांसाठी जमीन भाजण्याची राबाची पद्धत उत्तर कोकणात जुनी आहे. त्यासाठी ऐन व इतर वृक्षांची कवळ तोडून ती वाफ्यावर पसरून पावसापूर्वी जाळतात. शेंडा तुटल्याने तेथून येणारा ऑक्सिनचा प्रवाह थांबतो, बगलेतील सुप्त कळ्यांना शर्करा व सायटोकायनिन अधिक मिळते आणि झाड पुन्हा पालवते. मात्र दरवर्षी तोड झाल्यास साठवलेले अन्न खर्ची पडते. वसाहतकाळात ही तोड शेतकरी व वनखाते यांच्यातील वादाचा विषय होती. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या प्रश्नाची चौकशी केली. डहाणू व तलासरीचा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. वाद जंगलाच्या हक्कांचा होता हे खरे, पण तोडलेले झाड किती काळात सावरते हा वनस्पतिशास्त्रीय प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

पानगळ

सागाचे रोप किंवा तोडलेल्या बुंध्यावरचा फुटवा यांची पाने मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात. कोरड्या ऋतूत पानातून येणारे ऑक्सिन घटते, इथिलीनचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या तळाशी विलगस्तर तयार होऊन पान गळते. पाण्याच्या ताणात वाढणारे ॲब्सिसिक आम्ल पर्णरंध्रे मिटवते व नव्या पानांची वाढ रोखते. पळस तर फुलांच्या काळात जवळजवळ निष्पर्ण असतो. त्याची पालवी फुलांनंतर येते.